होल्ड ऑफ ऑन द रिलीज

मागच्या भागानंतर बरेच व्हॉइस मेसेज आले आणि त्यातल्या निम्म्यांचा सूर एकच होता. "दादा, शब्द येतात, ग्रामर पण येतं, पण समोरचा बोलायला लागला की वाक्य निसटतं." म्हणून आज या निसटण्यावरच बोलतो.

ज्यांनी पहिल्यांदाच ऐकायला घेतलंय त्यांच्यासाठी सांगतो. मी कळंब तालुक्यातला. शाळेत होतो तेव्हा जिल्हा उस्मानाबाद होता, 2023 पासून धाराशिव. शिक्षण मराठी माध्यमात झालं, नंतर बीटेक केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. राज्यात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, म्हणजे माझ्या वाट्याला पहिलीपासूनच आलं. दहावीत फ्रेजल व्हर्बची यादी मला तोंडपाठ होती. गिव्ह अप म्हणजे सोडून देणे, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, वगैरे. एकही मार्क जाऊ दिला नाही.

नोकरीचं पहिलं वर्ष. परदेशातल्या क्लायंटबरोबर रात्री साडेआठचा कॉल. आदल्या रात्री आमचा एक जॉब फेल झाला होता. मी विचारलं, शॅल आय गो अहेड? तिकडचा माणूस एका दमात बोलला, "होल्ड ऑफ ऑन द रिलीज अनटिल वी फिगर आऊट व्हाय द जॉब ब्लू अप." मला काय ऐकू आलं सांगतो. "ऑन द रिलीज" ऐकू आलं, "फिगर आऊट व्हाय" ऐकू आलं. मी वहीत दोन कामं लिहिली: रिलीज करणे, कारण शोधणे. "ओके, शुअर," म्हणालो आणि साडेअकराला रिलीज करून टाकला. आदल्या रात्रीच्या जॉबने अर्धे पाठवलेले पेमेंटचे मेसेज काही हजार लोकांना पुन्हा गेले.

दुसऱ्या दिवशी कुणी आरडाओरडा केला नाही. लीड फक्त एवढंच म्हणाला, "तू यापुढे कॉलवर नको बोलूस, चॅटवर लिही." पुढचे सात-आठ महिने मी कॉलवर म्यूट होतो. कोड मी लिहायचो आणि तो समजावून दुसरा सांगायचा. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये काय झालं असेल, तुम्ही ओळखा.

आता त्या वाक्यात अवघड शब्द एकही नाही. होल्ड, ऑफ, ऑन, फिगर, आऊट, ब्लो, अप... सगळे पाचवीतले. फ्रेजल व्हर्ब यादीत पाठ करणं वेगळं, आणि ते मिश्र वाक्यात घडी घालून आल्यावर ओळखणं वेगळं. हे दुसरं आपल्याला कुणी शिकवलंच नाही. व्याकरणाच्या तासाला मिश्र वाक्य, वर्डलिस्टच्या तासाला फ्रेजल व्हर्ब, आणि दोघांची भेट थेट कॉलवर!

पहिल्यांदा भीती काढा. ही भानगड फक्त इंग्रजीत आहे असं नाही. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या डिक्शनरीच्या प्रस्तावनेतच कबूल केलंय की क्रियापदाला असे छोटे शब्द जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची सवय परक्यांना सगळ्यात जड जाते. ठीक आहे. पण आपण काय कमी आहोत? "खाऊन टाक" म्हणतो तेव्हा टाकायचं काय असतं? "बोलून बसलो" म्हणतो तेव्हा कोण बसलेलं असतं? "लिहून घे", "लिहून दे", "लिहून ठेव" ही तीन वेगळी कामं आहेत आणि आपल्या गावातलं चार वर्षांचं पोरगंही त्यात गडबड करत नाही. इंग्रजी जे काम अप, आऊट, ऑफ या छोट्या शब्दांकडून करून घेतं, त्यातलं बरंचसं आपण टाक, बस, ठेव, घे यांच्याकडून करून घेतो.

फरक एवढाच की आपली जोडी फुटत नाही. "लिहून ठेव" वाक्यात कुठेही न्या, दोघं हातात हात घालून जातात: "तू लिहून ठेवलेला नंबर." इंग्रजीतली जोडी मात्र फुटते आणि मध्ये दुसरं कुणीतरी येऊन बसतं.

आमच्या वडिलांचं एक वाक्य घेऊ. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. वडील कुठं गावाला गेले की मला फोन करून सांगायचे, "लाईट आली की मोटर चालू कर, अन् मी येईपर्यंत बंद करू नको." हे इंग्रजीत म्हणू. "टर्न द मोटर ऑन व्हेन द पॉवर कम्स बॅक, अँड डोन्ट टर्न इट ऑफ अनटिल आय गेट बॅक." चार फ्रेजल व्हर्ब, दोन गौण वाक्यं. आमच्या वडिलांना इंग्रजी येत नाही, पण वाक्य त्यांनी क्लायंटच्या तोडीचं बोललंय बघा.

आता ते उकलू. "टर्न द मोटर ऑन" चालतं, "टर्न ऑन द मोटर" पण चालतं. पण मोटरच्या जागी इट आलं की ते मध्येच बसणार. "टर्न इट ऑफ" बरोबर, "टर्न ऑफ इट" नाही. आणि तिसरी गोष्ट, जी यादीत कधीच नसते. कर्माच्या जागी अख्खं वाक्य आलं तर ते मध्ये मावत नाही, शेवटी जातं. "फिगर इट आऊट" म्हणतो, पण "फिगर आऊट व्हाय द जॉब ब्लू अप". म्हणजे कानाने आऊट ऐकलं आणि लगेच व्हाय, व्हॉट, हाऊ आलं, तर समजायचं की आता पूर्ण वाक्याची पेटी उघडली आणि ती संपेपर्यंत कर्म संपलेलं नाही. मी हेच चुकलो. अनटिल नंतर जे काही होतं ती सगळी एकच पेटी होती, रिलीजला अडवून ठेवलेली अट. मी पेटी फोडून त्यातून वेगळं काम बाहेर काढलं.

एक अपवाद सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही मला शिव्या द्याल. "लुक इन्टू इट" मध्ये इट शेवटीच राहतं, "लुक इट इन्टू" होत नाही. कुठलं कसं हे ओळखायचं कानाने. "टर्न इट ऑफ" म्हणताना जोर ऑफवर पडतो, "लुक ॲट इट" म्हणताना ॲटवर पडत नाही, लुकवर पडतो. जोर घेणारा छोटा शब्द असेल तर सर्वनाम मध्ये. हे नव्वद टक्के वेळा चालतं असं मी म्हणणार नाही, मी मोजलं नाही, पण माझं काम भागतं.

आता अनटिल. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे आपण सगळे पडतो. आपण म्हणतो, "तू सांगत नाहीस तोपर्यंत मी थांबतो." त्याचं होतं, "आय विल वेट अनटिल यू डोन्ट टेल मी." चूक! अनटिलच्या पोटात तो "नाही" आधीच आहे. पण गंमत अशी की बिगर-नाहीचं रूपही आपल्याकडेच आहे. वडील काय म्हणाले? "मी येईपर्यंत." नाही कुठे आहे त्यात? तर अनटिल बोलायच्या आधी मनात "जोपर्यंत नाही" आणू नका, "येईपर्यंत, कळेपर्यंत, होईपर्यंत" आणा. "कारण कळेपर्यंत रिलीज थांबव." झालं की हो क्लायंटचं वाक्य, मराठीत.

तसंच व्हेनचं. "आय विल कॉल यू व्हेन आय विल रीच" असं आपल्याकडे सर्रास बोलतात. इंग्रजीत त्या आतल्या वाक्यात विल येत नाही: "व्हेन आय गेट देअर." पटत नसेल तर वडिलांचं वाक्य पुन्हा बघा. "लाईट आली की" म्हणाले ते, "येईल की" नाही. अजून न आलेल्या लाईटला आपण भूतकाळ लावतो आणि इंग्रज वर्तमानकाळ लावतो. भविष्यकाळ दोघंही लावत नाहीत. मग आपण तो कुठून आणतो, देव जाणे. बहुतेक शाळेतल्या "भविष्याची गोष्ट म्हणजे विल" या नियमातून.

आणि प्रश्नाचं. "का बंद पडलं?" हा प्रश्न आपण जसाच्या तसा उचलून मोठ्या वाक्यात ठेवतो: "का बंद पडलं ते शोध." शब्दांचा क्रम हलत नाही. म्हणून इंग्रजी प्रश्नही आपण तसाच उचलतो: "फाइंड आऊट व्हाय डिड इट फेल." इंग्रजीत प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या आत गेला की त्याची उलटापालट सरळ करावी लागते: "फाइंड आऊट व्हाय इट फेल्ड." डिड बाहेर, फेल्ड आत.

अजून एक, आणि मग थांबतो. "तू काल काढलेला विषय" हे इंग्रजीत "द इश्यू यू ब्रॉट अप यस्टर्डे." आपण वर्णन आधी सांगतो आणि विषय शेवटी, ते विषय आधी सांगून वर्णन मागून. ब्रॉट आणि अप च्या मध्ये जे इट बसायचं, ते इथे उठून पुढे गेलंय, इश्यू होऊन. जागा रिकामीच राहते. आपल्याला रिकामी जागा बघवत नाही, म्हणून "द इश्यू दॅट यू ब्रॉट इट अप" होतं. मला वाटतं ही आपल्या "जो-तो" ची सवय असावी: जो विषय काढलास, तो. आपल्याकडे दोन खुर्च्या असतात, त्यांच्याकडे एकच.

सरावाचं विचाराल तर मी यादी फेकून दिली. घरात रोज बोलली जाणारी मराठी वाक्यं घेतली, ज्यात "की, पर्यंत, म्हणून, तर" आहे, आणि रोज पाच इंग्रजीत बोलून रेकॉर्ड केली. "कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर" हे माझं पहिलं. ऐकायला कंटाळवाणं आहे, मान्य. आणि कॉलवर एक सवय लावली. ओके, शुअर म्हणायच्या आधी ऐकलेलं उलटून सांगायचं: "सो, नो रिलीज टुनाईट, राईट?" एवढंच. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा लाज वाटली. तिकडचा माणूस म्हणाला, "राईट," आणि पुढे गेला. त्या रात्री मी अनम्यूट होतो.

मागच्या आठवड्यात माझी चुलत बहीण पहिल्या मुलाखतीला गेली. आदल्या रात्री आम्ही फोनवर तासभर हेच करत होतो. ती मध्येच वैतागली, "दादा, लाईट, मोटर, कुकर... ते मला मोटरीबद्दल विचारणारेत का?" मी म्हणालो, नाही विचारणार. सकाळी दहा वाजता तिचा मेसेज आला, मुद्दाम इंग्रजीत: "आय विल कॉल यू व्हेन आय गेट आऊट." साडेचारला धाराशिवच्या स्टँडवरून फोन आला. मागे एवढा गोंगाट होता की मला फक्त एवढंच कळलं, "कळंबची गाडी लागलीय, जागा धरते, बसले की सांगते."