तळाचा सोबती

काचेच्या पेटीत तळाशी वावरणारा मासा आपण बहुधा सफाईसाठी आणतो. आम्हीही दोन इंचांचा सकर आणला होता. दक्षिण अमेरिकेतला हा मासा फूटभर वाढतो. दोन फुटी पेटी त्याला कशी पुरावी? मग लोक त्याला नदीत सोडून मोकळे होतात. उजनीच्या जलाशयात त्याच्या काटेरी परांनी मच्छीमारांची जाळी फाटतात, ती अशाच कुळातल्या माशांमुळे.

त्यापेक्षा जेमतेम अडीच इंच वाढणारे ब्राँझ कोरिडोरस घ्यावेत. एकटा नव्हे, सहांचा कळप. खाली बारीक, गुळगुळीत वाळू पसरावी. टोकदार खड्यांनी त्यांच्या मिशा झिजतात. उष्ट्यावर त्यांचे पोट भरत नाही. तळाशी जाणारा दाणा निराळा घालावा. पेटीची सफाई मात्र आपणच करावयाची.