पंखा आणण्याआधी

उन्हाळा लागला की एक तक्रार हमखास कानावर येते. ‘आमचा रास्पबेरी पाय तापतो आणि बंद पडतो.’ कधी ती शाळेच्या प्रयोगशाळेतून येते, कधी दुकानात जाहिरातीचा पडदा चालवणाऱ्याकडून, कधी घरातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग या छोट्या बोर्डावर सोपवून बसलेल्या हौशी माणसाकडून. तापतो हे खरं असतं, बंद पडतो हेही खरं असतं. पण तापल्यामुळे बंद पडतो, हे बहुतेक वेळा खरं नसतं. तरीही माणूस बाजारात जातो आणि पहिला पंखा घेऊन येतो. आज त्या पंख्याच्या आधी काय करायचं, तेवढंच सांगणार आहे.

ज्यांनी हा बोर्ड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. ८५ मिलिमीटर लांब, ५६ मिलिमीटर रुंद एवढ्याशा पट्टीवर मावलेला हा पुरा संगणक. इंग्लंडमधल्या केंब्रिजला एबन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना प्रोग्रॅमिंगची गोडी लागावी म्हणून तो काढला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरला विक्रीला आणला.

आता उष्णतेचं बघू. या बोर्डावरची मुख्य चिप स्वतःचं तापमान सतत मोजत असते. ते ८० अंश सेल्सिअसच्या पुढे जायला लागलं की ती आपली गती कमी करते, ८५ला पोचलं की आणखी आवरतं घेते. २०१८च्या पाय थ्री बी प्लस या मॉडेलला तर ६० अंशांवरच पहिला लगाम आहे. म्हणजे होतं काय? व्हिडिओ अडखळतो, पान उघडायला वेळ लागतो, प्रोग्रॅम रेंगाळतो. बोर्ड मंद होतो, पण चालू राहतो. ही व्यवस्था त्याने मरू नये म्हणूनच केलेली आहे.

आपल्याकडे या लगामाशी गाठ लवकर पडते, एवढं मात्र कबूल. एखाद्या कामात चिप भोवतालच्या हवेपेक्षा ४० अंशांनी जास्त तापते असं धरा. केंब्रिजच्या खोलीत २५ अंश असतील तर चिप ६५वर, म्हणजे निवांत. अकोल्याला मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली खोलीतच ४३ अंश असतील तर तीच चिप, तेच काम, आणि आकडा ८३. बोर्डात दोष काही नाही. पाय फोरसाठी भोवतालची हवा ५० अंशांपर्यंत चालेल असं कंपनीच सांगते, पण बंद प्लॅस्टिकच्या डबीत, टीव्हीच्या पाठीला चिकटवलेल्या बोर्डाच्या भोवतालची हवा म्हणजे खोलीतली हवा नव्हे. त्या डबीचं झाकण काढून बघा. बोर्ड उभा ठेवून बघा. चिपवर ॲल्युमिनियमचा हीटसिंक बसवा. एवढ्याने बरंच भागतं. अंगभर धातूची डबी मिळते, तिला पंखाच लागत नाही, आणि पंखा नसला की त्यात धूळ अडकून तो घरघरायचा प्रश्नही येत नाही.

पण मग अचानक रिस्टार्ट होणं, पडदा काळा होणं, सकाळी आलं तर बोर्ड मेल्यासारखा पडलेला असणं, हे कशाने?

अंदाज करत बसण्याऐवजी बोर्डालाच विचारा. टर्मिनल उघडून एक आज्ञा द्यायची: व्हीसीजेनसीएमडी, मग एक जागा सोडून गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड. उत्तरात शून्य, एक्स आणि त्यापुढे एक आकडा येतो. एक्सपुढे नुसतं शून्य असेल तर सुरू झाल्यापासून सगळं ठीक. पण ५०००५ असं काही दिसलं तर शेवटचा अंक बघा. तो आत्ताची स्थिती सांगतो. उजवीकडून पाचवा अंक मागचा इतिहास सांगतो. आणि लक्षात ठेवायला सोपं म्हणजे, यांतला अंक विषम असेल तर व्होल्टेज कमी पडलेलं आहे. सम असेल, पण शून्य नसेल, तर व्होल्टेजची तक्रार नाही, उष्णतेकडे बघा. गेट अंडरस्कोर थ्रॉटल्डच्या जागी मेझर अंडरस्कोर टेम्प लिहिलं की चिपचं तापमानही कळतं. या इतिहासात एक मेख आहे. बोर्ड रिस्टार्ट झाला की तो पुसला जातो. म्हणून आधी विचारा, मग बंद करा. स्वतःहून रिस्टार्ट होत असेल तर दर मिनिटाला हे दोन्ही आकडे एका फाइलमध्ये लिहीत राहील असा चार ओळींचा प्रोग्रॅम टाकून ठेवा.

माझा अनुभव असा, की उत्तर विषम निघतं. या बोर्डाला ५ व्होल्ट लागतात आणि ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की तो कुरकुरतो. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह येतं. पाय थ्री, पाय फोरवरचा लाल दिवा त्या क्षणी विझतो. आता हिशेब करा. चार्जर ५.१ व्होल्टचा, चांगला. केबल मात्र फोनच्या जुन्या खोक्यातून काढलेली, लांब आणि बारीक, जाण्यायेण्याच्या दोन्ही तारांचा मिळून रोध ०.३ ओहम. बोर्डाने जोरात काम सुरू करून २ अँपिअर ओढले की ०.६ व्होल्ट केबलमध्येच खलास. बोर्डापर्यंत पोचले साडेचार. शेवटच्या घरातल्या नळाला सगळ्यांनी एकदम पाणी भरायला घेतलं की धार बारीक होते, तसंच हे. निवांत असताना सगळं छान चालतं, काम वाढलं की कोसळतं. काम वाढलं की तापतोही, म्हणून आळ उष्णतेवर जातो.

एका तरुण शेतकऱ्याने पॉलिहाउसमध्ये पाय फोर बसवला होता. तापमान मोजायचं आणि ठरावीक अंशांच्या वर गेलं की धुक्याचा फवारा सोडणारा छोटा पंप चालू करायचा. त्याचं म्हणणं, ‘सर, दुपारीच बंद पडतो. सकाळी काही त्रास नाही. ऊन सोसत नाही त्याला.’ त्याने पंखा बसवला होता, वर ओलं गोणपाटही टाकलं होतं. नोंदीत बघितलं तर बंद पडण्याआधीचं चिपचं तापमान ६१ अंश, म्हणजे काळजीचं कारणच नाही. मग पंप हाताने चालू करून बघितला. पंपाने झटका घेतला, लाल दिवा विझला, बोर्ड रिस्टार्ट. पंपाची वायर त्याने बोर्डाच्याच ५ व्होल्टच्या पिनेवर घेतलेली होती. मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढते. पंप दुपारी सुरू व्हायचा, म्हणून बोर्ड दुपारी पडायचा. पंपाला वेगळा सप्लाय दिला, गोणपाट काढलं, काम संपलं.

यूएसबीवर हार्ड डिस्क लावणाऱ्यांचं असंच होतं. पाय फोरच्या चारही यूएसबी मिळून १.२ अँपिअर देतात, त्यापलीकडे स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लागतो. पाय फाइव्हची गंमत आणखी वेगळी. त्याला ५ व्होल्टवर ५ अँपिअर हवेत. लोक म्हणतात, माझ्याकडे लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर आहे, मग काय कमी आहे? तो चार्जर ६५ वॅट देतो ते २० व्होल्टवर. ५ व्होल्ट मागितले की सहसा ३ अँपिअरवर थांबतो. असा चार्जर दिसला की पाय फाइव्ह यूएसबीला मिळून ६०० मिलिअँपिअरच सोडतो, आणि मग डिस्क का दिसेना म्हणून माणूस डोकं धरून बसतो.

चार्जरही तापतो, हे इथेच सांगून टाकतो. उन्हात भिंतीला लटकलेला स्वस्तातला चार्जर आधी गळपटतो. अशा वेळी उष्णता गुन्हेगार असते खरी, पण पंखा चुकीच्या जागी बसवलेला असतो.

वीजपुरवठा निर्दोष निघाला तर पुढचा संशयित मेमरी कार्ड. कार्डावर लिहिणं चालू असताना लाइट गेली की फाइल अर्धवट राहते, आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही. चालता चालता सगळ्या फाइली फक्त वाचण्यापुरत्या उरल्या, नोंदींमध्ये एमएमसी झीरो नावाने चुका दिसू लागल्या, की कार्ड संपत आलं म्हणून समजा. तपासणी सोपी आहे. दुसऱ्या, ओळखीच्या दुकानातून घेतलेल्या कार्डावर नवी सिस्टिम टाका आणि दोन दिवस चालवा. चाललं तर जुनं कार्ड फेकून द्या, दुरुस्त करत बसू नका. वर ६४ जीबी छापलेलं आणि आत जेमतेम आठ असलेलं बनावट कार्डही बाजारात सर्रास मिळतं. एफथ्री नावाचा फुकट प्रोग्रॅम ते उघडं पाडतो.

आणि हो, कुणी गती वाढवण्यासाठी सेटिंग बदललेलं असेल तर तपास सुरू करण्याआधी ते मूळपदावर आणा. तोवरची बाकी सगळी चर्चा फुकट.

कधी कधी कारण असं निघतं की विश्वास बसत नाही. फेब्रुवारी २०१५मध्ये पाय टू बाजारात आला आणि थोड्याच दिवसांत लक्षात आलं, की झेनॉन फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढला की तो रिस्टार्ट होतो. यू सिक्स्टीन नावाची वीज सांभाळणारी एक इवलीशी चिप आवरणाशिवाय उघडी होती, प्रखर प्रकाशाने ती भांबावायची. फोनच्या एलईडी दिव्याने काही होत नव्हतं. उपाय काय, तर चिपवर चिकटमातीचा छोटा गोळा दाबायचा. तिथेही मूळ दुखणं वीजपुरवठ्याचंच होतं.

तुमच्याकडे असा बोर्ड असेल तर आज घरी गेल्यावर तो बंद करण्याआधी ती एक आज्ञा देऊन बघा. अंक विषम आला तर पंख्याचे पैसे वाचवा आणि त्यात एक आखूड, जाड तारेची केबल घ्या.