जूनचे पैसे

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'रोजची काटकसर आणि बचत' हा विषय दिला. संगणकावर काम करणारी बाई म्हणजे ही आता चार ॲपची नावं सांगणार, असं काहींना वाटत असेल. ॲप मी एकही सांगणार नाही. आपल्या भागातल्या घरांनी पैसा कसा सांभाळला आणि त्यातलं काय आजही उपयोगी पडतं, एवढंच सांगते.

माझं घर शिरूर तालुक्यातलं, उसाचं. आजोळ भीमेपलीकडे दौंडला, रेल्वेच्या पगाराचं. दोन्ही घरं काटकसरीची, पण दोघांची रीत वेगळी होती.

ऊस लागणीपासून तोडीपर्यंत बारा ते अठरा महिने घेतो. बिल येतं ते एकदम, आणि त्यातून सोसायटीचं कर्ज आधीच वळतं होतं. हातात उरलेल्या पैशावर पुढचं बिल येईपर्यंत घर चालवायचं. म्हणून आमच्याकडे बिल आलं की आधी वर्षाची ज्वारी, गहू, तूरडाळ भरली जायची. कडुनिंबाचा पाला घालून कणगी लिंपली की निम्मी काळजी मिटली. उन्हाळ्यात कुरडया, पापड, शेवया, वर्षाचं तिखट. बेगमी म्हणजे एकरकमी आलेल्या पैशाचे बारा महिने करणं.

दौंडला उलटं होतं. पगार दर महिन्याला यायचा, पण मोठी रक्कम कधी हाताशी नसायची. तिथे बायकांची भिशी चाले. बाराजणी, महिन्याला ठरलेले पैसे, आणि दर महिन्याला एकीला सगळी रक्कम. त्यात व्याज नाही, कागद नाही, फक्त एकमेकींवरचा विश्वास. मामीचं शिलाई मशीन असंच आलं. भिशी म्हणजे महिन्याच्या पैशाची एकरक्कम करणं.

मला सगळ्या बचतीचं सार या दोन घरांत दिसतं. पैसा एकदम येत असेल तर त्याचे महिने करा. महिन्याला येत असेल तर त्याची एकरक्कम करा. आपल्याला मिळतो कसा आणि लागतो कसा, यातलं अंतर भरून काढायचं काम बचत करते.

हे अंतर सगळ्यांत जास्त टोचतं ते जून महिन्यात. बी-बियाणं, खत, वह्या-पुस्तकं, प्रवेशाची फी, सगळं एकाच महिन्यात. आपल्या वर्गातल्या मुली आठवा. दहावीनंतर, बारावीनंतर कितीजणी थांबल्या! हुशारीत कुणी कमी नव्हती. काही घरांत मुलीला पुढे शिकवायचंच नव्हतं, ते मी नाकारत नाही. पण काही घरांत मनात होतं, जूनमध्ये हातात पैसे नव्हते. पुढच्या वर्षी बघू म्हणाले, आणि पुढच्या वर्षी लग्न झालं.

मी इंजिनिअर झाले याला माझ्या आईचं एक पिवळं पडलेलं कार्ड कारण आहे. मी आठवीत गेले त्या जूनमध्ये तिने पोस्टाची आरडी सुरू केली. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना 1972 पासून आहे. तिच्या प्रतिनिधी बाई घरी येऊन हप्ता घेऊन जायच्या. हप्ता जायचा डेअरीच्या दहा दिवसांच्या पगारातून, उसाच्या बिलाला हात न लावता. पोस्टाची आरडी पाच वर्षांची, म्हणजे 60 हप्ते. आठवी, नववी, दहावी, अकरावी, बारावी. मोजा बोटांवर. खातं पिकलं ते बरोबर बारावीच्या निकालानंतर. पहिल्या वर्षाची फी आणि वसतिगृहाचे पैसे त्यातून गेले.

आज पोस्टाच्या आरडीचा दर 6.7 टक्के आहे. महिन्याला 1,000 रुपये भरले तर पाच वर्षांत 60,000 जातात आणि 71 हजारांच्या थोडे वर मिळतात. आकडा डोळे दिपवणारा नाही. पण तो जूनमध्ये हातात असतो, आणि कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

आता बिघडतं कुठे? पूर्वी आपण पैसे साठवून वस्तू आणायचो. आता वस्तू आधी येते आणि हप्ते मागून येतात. हप्त्याचा आकडा लहान दिसतो म्हणून वस्तू परवडते असं वाटतं. गाडीच्या किंवा वस्तूच्या कर्जावर '10 टक्के फ्लॅट' असं सांगतात, ते नीट ऐका. एक लाख रुपये, तीन वर्षं, वर्षाला 10 हजार व्याज, एकूण एक लाख 30 हजार, महिन्याला 3,611. दिसायला सोपं. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण एक लाखावर चालू राहतं. खरा दर निघतो सुमारे 18 टक्के. म्हणून दुकानात दोनच प्रश्न विचारा: एकूण किती भरायचे, आणि घटत्या शिलकीवर दर किती? 'शून्य टक्के' हप्त्यांबद्दल तर रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर 2013 मध्ये बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. ते कुठल्या ना कुठल्या शुल्कात लपलेलं असतं.

घरातल्या बारीक खर्चातही डोकं चालवायला जागा आहे. महावितरणचं बिल टप्प्यांचं असतं. पहिल्या 100 युनिटांचा दर कमी, त्यापुढच्या युनिटांचा दुपटीच्या आसपास. घरात 130 युनिटं लागत असतील तर शेवटची 30 सगळ्यांत महाग. जुना पंखा 75 वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा साधारण 30. रोज बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला 16 युनिटं वाचतात. असे दोन पंखे बदलले की त्या महागड्या 30 युनिटांचा प्रश्न मिटला. दिवा विझवा म्हणून मुलांवर ओरडण्यापेक्षा हे सोपं.

आईवडिलांची रोजची औषधं असतील तर डॉक्टरांना विचारून तोच घटक जनऔषधी केंद्रात मिळतो का ते बघा. एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे आणि 75 वर्षांपुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. हक्काची सवलत घेण्यात कमीपणा कसला?

एक गोष्ट जरा जड मनाने बोलते. रांजणगाव, कुरकुंभला एमआयडीसी आली, शिक्रापूर-सणसवाडीला कारखाने आले, रस्ते रुंद झाले. अनेक घरांत जमिनीचे पैसे आले. उसाच्या बिलाचे बारा महिने करणाऱ्या घरांना त्या पैशाची तीस वर्षं करायची होती. काहींनी केली. काहींकडे गाडी, बंगला आणि लग्न यांत तो तीन-चार वर्षांत संपला, आणि जमीनही गेली. आज इथे कुणाकडे असे पैसे येणार असतील तर पोस्टाची मासिक उत्पन्न योजना समजून घ्या. सध्याच्या 7.4 टक्के दराने 9 लाखांवर महिन्याला 5,550 रुपये मिळतात आणि मुद्दल जागेवर राहतं. दर सरकार तिमाहीला ठरवतं, म्हणून भरण्याआधी पोस्टात विचारा. सगळा पैसा तिथेच ठेवा असं नाही. पण घरखर्चाचा भाग आधी असा बांधून टाका, मग बंगल्याचा नकाशा काढा.

गुरुजनांना संचयिका आठवत असेल. 15 सप्टेंबरला संचयिका दिन असायचा आणि फळ्यावर 'थेंबे थेंबे तळे साचे' हा सुविचार यायचा. तळं साचायला थेंबांबरोबर बांधही लागतो. पैसे उरले तर टाकू म्हटलं की उरत नाहीत. म्हणून आरडीचा हप्ता आधी, बाकी खर्च नंतर.

आता तुम्हाला एक काम देते. ज्यांच्या घरी आठवीतलं मूल आहे, त्यांनी येत्या जूनमध्ये त्याच्या नावाने खातं काढावं. आपल्या शेतावर, दुकानात किंवा घरी काम करणाऱ्या बाईची मुलगी आठवीत असेल तर तिच्या आईला पोस्टात घेऊन जावं. आरडी महिन्याला 100 रुपयांपासूनही सुरू होते. 2024 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या, आर्थिक दुर्बल आणि मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क सरकारने माफ केलं आहे. पण वसतिगृह, खानावळ, पुस्तकं आहेतच. तेवढ्यासाठी यापुढे कुणी थांबू नये.