खडपातली बिळे



मालवणच्या बाजारात बांगड्याचे ढीग पडतात, तारली टोपल्या भरून येते. गोबरा मात्र एखाद-दुसराच, आणि तोही बहुधा गरीवरचा. बांगडा-तारली थव्याने मोकळ्या पाण्यात हिंडतात. गोबऱ्याला कपार लागते. तिच्या तोंडाशी दबा धरून बसायचे आणि समोरून जाईल ते गिळायचे, हा त्याचा धंदा. शेवंडही खडपाचीच, म्हणजे समुद्रातल्या खडकाळ तळाचीच, रहिवासी. ट्रॉलरचे जाळे खडपावर फाटते, म्हणून तांडेल ती वाट टाळतो. या मंडळींना तेवढाच आडोसा.

खडपात कपारी किती, म्हणजे तळ किती खडबडीत, हे मोजायची रीत गमतीची आहे. पाणबुडे एक साखळी खडकावर अंथरतात, प्रत्येक खळग्याला आणि उंचवट्याला टेकेल अशी. मग दोन टोकांमधले सरळ अंतर मोजतात. दहा मीटरची साखळी सपाट वाळूवर दहा मीटर भरते. पोवळ्यांच्या खडकावर ती पाच-सहा मीटरांतच संपू शकते. ही तफावत जितकी मोठी, तितक्या तिथे माशांच्या जाती सहसा जास्त.

पण बिळाचे मापही जुळावे लागते. हिक्सन आणि बीट्स या शास्त्रज्ञांनी कॅरिबियन समुद्रात सेंट थॉमस बेटाजवळ सिमेंटचे ठोकळे रचून पाहिले. मोठी भोके ठेवली तिथे मोठे मासे जास्त आले, बारीक भोकांकडे बारीक मासे. साहजिकच आहे. चिमुकल्या माशाला ऐसपैस बीळ काय कामाचे? मागोमाग गोबराही आत शिरणार!

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती असे पोवळ्यांचे खडक आहेत. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. आता निवतीजवळ ‘गुलदार’ हे नौदलाचे निवृत्त जहाज बुडवून कृत्रिम खडप करायची योजना आखली गेली आहे. जहाजात मोठ्या पोकळ्या पुष्कळ; बारीक बिळांसाठी सिमेंटचे सच्छिद्र ठोकळेही सोबत टाकावेत, असे मला वाटते.

खरा वाद पुढेच आहे. अशा ठिकाणी मासे वाढतात, की आसपासचे नुसते गोळा होतात? बोन्सॅक या शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये हा प्रश्न नेमका मांडला. नुसतेच गोळा होत असतील आणि जागा सगळ्यांच्या जीपीएसवर असेल, तर आपण माशांना घर नव्हे, सापळा बांधला. तेव्हा जहाजाभोवती निदान सुरुवातीची काही वर्षे जाळ्यालाच नव्हे, गरीलाही बंदी हवी.