पहिली गाडी कोणती घ्यावी?



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत तीन कर्जमागण्या आल्या. एक शेळीसाठी, एक मुलीच्या फीसाठी आणि तिसरी स्कूटीसाठी. तिसरी वाचली आणि बायका हसायलाच लागल्या. कारण मागणी करणाऱ्या मावशी सत्तेचाळीस वर्षांच्या, आणि त्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही.

मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, बाजारात गिऱ्हाईक पाचनंतर येतं आणि माझं वडाप चार वाजता भरतं. कुरडया-शेवयाची अर्धी पिशवी मी दर वेळी परत आणते. हसताय काय?" मग सगळ्या गप्प झाल्या. गावातून शेवटची एस. टी. कधी आहे ते आपल्या सगळ्यांनाच पाठ असतं.

मागणी मंजूर झाली, पण कोणती गाडी घ्यायची यावर दीड तास गेला. मावशींचा पुतण्या म्हणत होता, माझ्या ओळखीत 150 सीसीची मोटारसायकल आहे, मजबूत आहे, घरात सगळ्यांना चालेल. मी म्हटलं, मावशी, घरात सगळ्यांना चालेल अशी गाडी घेतली की ती तुमच्या वाट्याला येणार नाही. पुतण्याला राग आला. येऊ दे.

पहिली गाडी निवडताना मी चूक केली होती, म्हणून सांगते. सहा वर्षांपूर्वी मी गाडी घेतली ती रंग बघून. चकचकीत लाल, आरसे नवे. दुकानात बसून बघितली आणि पैसे दिले. दुसऱ्या दिवशी शाळेसमोरच्या उतारावर थांबले, पाय टेकवला तर फक्त बोटं टेकली. गाडी कलली, मला ती धरवेना, आणि दोघी आडव्या. सायलेन्सरचा डाग अजून पोटरीवर आहे. त्यानंतर तीन महिने मी गाडीला हात लावला नाही.

म्हणून पहिली कसोटी ही, की सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. एक पाय नाही, दोन्ही. चवडे टेकतात म्हणजे चालतंय, असं विकणारा सांगेल. ऐकू नका. शिकताना गाडी चालवताना पडत नाही, थांबताना पडते. सीटची उंची कागदावर साधारण सारखीच दिसते, पण सीट रुंद असली की पाय फाकतात आणि जमीन लांब जाते. त्यामुळे बसूनच बघायचं, आणि रोज घालता ते चप्पल-सँडल घालून बघायचं.

दुसरी कसोटी वजनाची. अॅक्टिव्हा 106 किलोच्या आसपास भरते. जुन्या बाजारात अजून दिसते ती स्कूटी पेप प्लस साधारण 95 किलोची. टीव्हीएसची एक्सएल 100, जिच्यावर दुधाचे कॅन आणि कडब्याच्या पेंढ्या जातात, ती नव्वदच्या आत. ऐकायला दहा-पंधरा किलोचा फरक काहीच नाही, पण तिरकी झालेली गाडी सावरताना तो कळतो. विकत घेण्याआधी गाडी बंद ठेवून हाताने ढकलत चढावर वीस पावलं न्या, मागे घ्या आणि डबल स्टँडला लावून बघा. स्टँडला लावताना गाडी हाताने उचलायची नसते, स्टँडवर पाय ठेवून अंगाचा भार द्यायचा असतो. तो भार देऊनही लागत नसेल तर ती गाडी आपली नव्हे.

तिसरं, गिअर नको. शिकणारीचं लक्ष ब्रेक, अॅक्सिलरेटर आणि समोरच्या म्हशीवर असतं, त्यात क्लच कशाला? बिनगिअरची गाडी काही बायकी म्हणून कमी दर्जाची नाही. पुण्याच्या कायनेटिकची लूना 1972 साली आली तेव्हा शिक्षकांपासून दूधवाल्यांपर्यंत सगळ्यांनी तीच चालवली. एक मात्र सांगते, बिनगिअरच्या गाडीला अॅक्सिलरेटर पिळला की ती लगेच पळते, आणि घाबरलेला माणूस मूठ आणखी घट्ट करतो. हा सवयीचा भाग आहे, त्यावर मैदानातच काम करायचं.

नवी घ्यावी की जुनी? माझं मत स्पष्ट आहे, पहिली जुनी घ्या. ती पडणार आहे, आरसा तुटणार आहे, पत्रा घासणार आहे. नवी पडली तर घरातले बोलतात आणि बाई शिकायचं सोडते. मावशींनी 60,000 मागितले होते, गटाने 25,000 दिले. वीस हप्ते, दरमहा दोन टक्के उरलेल्या रकमेवर. म्हणजे पहिला हप्ता 1,250 आणि व्याज 500. हिशेब आम्ही फळ्यावर मांडला. जाऊन-येऊन 24 किलोमीटर, लिटरला 40 धरले तर साठ-पासष्ट रुपयांचं पेट्रोल. वडापला त्यांचे पिशवीसकट सत्तर जातात. वाचतं काय, पाच-दहा रुपये! गाडीने पैसे वाचतात असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. मावशींना मिळणार आहेत ते बाजारातले पाच ते सातचे दोन तास, आणि हप्ता त्यातूनच निघायचा आहे.

विजेची गाडीही एकीने सुचवली. ज्या गाडीचा वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि मोटार 250 वॉटपर्यंत, तिला नोंदणी आणि लायसन लागत नाही, हे खरं. पण आमच्या गावाच्या चढावर दोन पिशव्या घेऊन ती दमते, आणि वीज कधी असेल त्याचा भरवसा नाही. सपाट गाव असेल तर जरूर बघा.

जुनी गाडी बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना. विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवली असेल तर समजा, थंडीत ती चालू होत नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1519 म्हणजे 2019 सालातला पंधरावा आठवडा. हँडल मोकळं सोडलं तर गाडी एका बाजूला ओढते का, हे मेकॅनिकला चालवून बघू द्या. मेकॅनिक आपला न्या, विकणाऱ्याचा नको. दोनशे रुपये घेईल, द्या. एप्रिल 2019 नंतरच्या गाड्यांना एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागण्याची सोय सक्तीची झाली. शिकणारीसाठी ती फार कामाची, मिळाली तर तीच घ्या.

आता कागद. इथे मी दुसऱ्यांदा फसले. एजंटाने मला जुन्या मालकाच्या सह्या असलेले कोरे फॉर्म दिले, म्हणाला, "ताई, सावकाश करा नावावर." सावकाश म्हणता म्हणता वर्ष गेलं. मग कळलं की आरसी बुकावर फायनान्सचा बोजा आहे. सातबाऱ्यावर सोसायटीचा असतो ना, तसाच. जुन्या मालकाला शोधून, फायनान्सचं ना-हरकत आणून तो उतरवेपर्यंत आठ महिने गेले. तेव्हा पैसे देण्याआधी मोबाईलवर एम-परिवहन अॅपमध्ये गाडीचा नंबर टाका, बोजा, विमा, नोंदणीची मुदत दिसते. नोंदणी 15 वर्षांची असते, तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते ते यात आलं. फॉर्म 29 आणि 30 वर दोघांनी समोरासमोर सह्या करा, बोजा असेल तर फॉर्म 35 सुद्धा.

आणि विकणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्हीही ऐका. गाडी विकली पण नाव तुमचंच राहिलं आणि अपघात झाला, तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली हेच सांगितलं, नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक.

नाव कुणाचं लावायचं यावर मावशींच्या घरी वाद झाला. कर्ज मावशींचं, हप्ता मावशींचा आणि आरसी काकांच्या नावावर? काका म्हणाले, "नावात काय आहे?" मावशी म्हणाल्या, "काही नाही ना? मग माझंच लावा." विम्यामध्ये मालकासाठी 15 लाखांचं अपघात संरक्षण असतं, पण ते मालकालाच आणि त्याच्याकडे लायसन असेल तरच. चालवणार मावशी आणि मालक काका, तर मावशींना त्यातलं काही नाही. हे सांगितल्यावर काका उठून चहा सांगायला गेले.

लायसन आधी शिकाऊ काढायचं, सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनी पक्क्यासाठी चाचणी देता येते. बिनलायसन सापडलात तर दंड 5,000, म्हणजे मावशींचे जवळजवळ तीन हप्ते. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, रस्त्याकडेला टांगलेलं नव्हे.

मावशींची गाडी आली आहे. राखाडी, एका बाजूला घासलेली, दोन्ही तळवे टेकतात. येत्या रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर शिकायला सुरुवात करतोय. पहिले दोन दिवस इंजिन बंद, नुसती ढकलायची, ब्रेक दाबायचा, स्टँडला लावायची. ज्यांना यायचं त्यांनी या. मागे पट्टा असलेली सँडल घाला, ओढणीला किंवा पदराला गाठ मारा, आणि शिकाऊ लायसनसाठी आधार कार्ड नि दोन फोटो बरोबर आणा. फॉर्म मी तिथेच भरून देईन.