फुप्फुसांतील रक्तदाब

रक्तदाब म्हटला म्हणजे दंडाला गुंडाळलेला डॉक्टरांचा पट्टा डोळ्यांपुढें येतो. त्या पट्ट्याला कळतो तो हृदयाच्या डाव्या बाजूनें शरीरभर ढकललेल्या रक्ताचा दाब. उजवी बाजूही तितकेंच रक्त फुप्फुसांकडे पाठवीत असते. तिकडचा दाब पट्ट्याला मुळींच कळत नाहीं. ‘रक्तदाब ठीक आहे’ हें ऐकून निर्धास्तपणें घरीं परतणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांत तो वाढलेला असूं शकतो.

हा दुसरा कारभार मोठ्या हलक्या हातानें चालतो. शरीरांतील दाब पाऱ्याच्या १२०/८० मिलिमीटरांच्या आसपास, तर फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनींतील सरासरी दाब अवघा १४. तो २० च्या वर गेला कीं आतां रोग मानतात. पूर्वीं ही मर्यादा २५ होती. उजव्या कप्प्याची भिंत मुळांत पातळ. वाढत्या दाबाशीं झगडतां झगडतां ती जाड होते, मग कप्पा फुगतो, आणि जिना चढतांना लागणाऱ्या धापेच्या जोडीला पायांवर सूज येते.

हा दाब मोजण्याची वाट एका साहसानें उघडली. १९२९ सालीं जर्मनींतील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरानें कोपराजवळच्या शिरेंतून स्वतःच्याच हृदयापर्यंत नळी सरकविली, आणि तशाच स्थितींत जाऊन क्ष-किरणांचें चित्र काढविलें! पुढें न्यूयॉर्कच्या कूर्नां व रिचर्ड्स यांनीं ती रीत सुधारली. तिघांना १९५६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आज पहिला अंदाज ‘इको’ तपासणीवरून करतात. खात्रीसाठीं मात्र नळीच लागते.

कारणांचे पांच वर्ग मानतात. सर्वांत मोठा वर्ग डाव्या हृदयाच्या विकारांचा. लहानपणीं घसा आल्यावर संधिज्वर होतो, त्यानें हृदयाची झडप आकसते, आणि पुढें रक्त फुप्फुसांत तुंबतें. धरणाचें दार अडलें म्हणजे पाणी मागें चढावें, तसाच हा प्रकार.

दुसरा वर्ग फुप्फुसांच्या स्वतःच्या रोगांचा, आणि तो समजण्यास हिंगोली जिल्ह्यांतील डोंगरकड्यासारख्या गांवचें स्वयंपाकघर पहावें. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेची टाकी मराठवाड्यांतील पुष्कळ घरीं आली. तरी भाकरीचा तवा अनेक ठिकाणीं चुलीवरच राहिला. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या यांचा धूर वर्षानुवर्षें छातींत जातो. ज्या भागांत प्राणवायु कमी, तेथील बारीक धमन्या आपोआप आकसतात. रक्त चांगल्या भागाकडे वळावें, ही निसर्गाची काटकसर. परंतु सारें फुप्फुसच धुरानें बिघडलें, तर हीच काटकसर अंगावर येते: सर्व वाटा अरुंद होऊन दाब चढतो. कधींही विडी न ओढलेल्या बाईस दम लागला, तर घरचीं माणसें अशक्तपणा म्हणून सोडून देतात; चुलीची आठवण कोणास होत नाहीं.

तिसऱ्या वर्गांत पायांतून सरकून फुप्फुसांत अडकलेल्या व न विरघळलेल्या गुठळ्या येतात. त्या शस्त्रक्रियेनें काढतां येतात, म्हणून हें निदान हुकतां कामा नये. चौथा वर्ग धमन्यांच्याच रोगाचा. हा विरळा, पण तरुण स्त्रियांत अधिक. त्यांत आनुवंशिक दोष, हृदयांतील जन्मजात छिद्रें, कांहीं औषधेंही येतात: १९६० नंतरच्या दशकांत युरोपांत भूक मारणाऱ्या अमिनोरेक्सच्या गोळ्यांनीं अनेकांना हा रोग जडला. उरलेल्या वर्गांत सिकलसेलसारखे रक्तविकार. गडचिरोली व सातपुड्याच्या पट्ट्यास ते अपरिचित नाहींत.

एवढी वर्गवारी केवळ पुस्तकी नव्हे. धमन्या सैल करणारीं महागडीं औषधें त्या विरळ्या वर्गास जीवदान देतात. तींच आकसलेल्या झडपेच्या रोग्यास दिलीं तर फुप्फुसांत पाणी भरूं शकतें. त्याला झडप फुग्यानें रुंद करून घ्यावी लागते, गुठळीच्या रोग्यास रक्त पातळ ठेवणारें औषध, आणि चुलीपुढें बसणाऱ्या बाईस आधीं धुरापासून सुटका, व रक्तांतील प्राणवायु फारच उतरला असल्यास घरीं प्राणवायूचें यंत्र.