तुळशीखालची ताटली

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, फ्लॅटमध्ये औषधी झाडं लावायची तर सुरुवात कशाने करू? तुळशीने करा, दुसरं काय! पण आज आधी आमच्या घरचा एक किस्सा सांगतो, आणि तो काही फार गोड नाहीये.

आम्ही मुलुंडला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. अंगण नाही, त्यामुळे आमचं वृंदावन म्हणजे हॉलच्या खिडकीचं बॉक्स ग्रिल. त्यात एक जांभळट देठांची कृष्ण तुळस आणि एक हिरवी राम तुळस. दोन्ही एकाच जातीच्या, ऑसिमम टेन्युइफ्लोरम. (फालुद्यातला सब्जा म्हणजे तुळशीचं बी नव्हे हं, ती तिची बहीण.) आई अंघोळ झाली की रोज तांब्याभर पाणी घालते. ते गळून खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं, सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा भांडणं झाली. म्हणून मी कुंड्यांखाली ठेवायला दोन प्लॅस्टिकच्या ताटल्या ऑनलाइन मागवल्या. मी मागवल्या, हे लक्षात ठेवा.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मलेरियावाले आले. म्हणजे पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं, पावसाळ्यात टाक्या-कुंड्या बघत फिरतात ती. त्यातल्या एकाने ताटली बघून सांगितलं, यात पाणी साचू देऊ नका. आई म्हणाली, "अहो दादा, तुळशीजवळ डास फिरकत नाहीत." तो काही बोलला नाही, पाणी ओतलं आणि गेला. मी तेव्हा लॅपटॉपवर कॉलवर होतो. खरं सांगू? मनात मी आईच्याच बाजूने होतो. बीटेक वगैरे सगळं बाजूला राहिलं.

सप्टेंबरमध्ये बाबांना ताप आला. टेस्ट केली तर डेंग्यू. प्लेटलेट्स बेचाळीस हजारांवर आल्या आणि चार दिवस अॅडमिट करावं लागलं. पहिल्या रात्री घरी कपडे न्यायला आलो, तेव्हा सहज मोबाइलचा टॉर्च ताटलीवर मारला. अळ्या वळवळत होत्या, एक-दोन नाही, पुष्कळ. बाबांना चावलेला डास त्याच ताटलीतला होता असं मी छातीठोक सांगू शकत नाही, समोर टॉवरचं कामही चालू होतं. पण डेंग्यूचा एडिस डास फार लांब उडत नाही. आणि बाबांची खुर्ची त्याच खिडकीजवळ असते.

मग मी वाचायला बसलो. तुळशीजवळ डास येत नाहीत, हे आलं कुठून? यातली एक गोष्ट चक्क मुंबईचीच निघाली. जॉर्ज बर्डवुड नावाच्या साहेबाने 1903 साली लंडनच्या 'द टाइम्स'ला पत्र लिहिलं होतं. भायखळ्याची राणीची बाग तयार होत होती, तेव्हा कामगार डासांनी हैराण झाले होते. देशी देखरेखवाल्यांच्या सांगण्यावरून बागेच्या हद्दीवर तुळस लावली आणि डास कमी झाले, माळ्यांचा तापही गेला, असं त्याचं म्हणणं. बाग उघडली 1862 मध्ये, म्हणजे हे तो चाळीस वर्षांनी आठवून लिहितोय. आता बाग करताना जमीन सपाट करतात, खड्डे बुजवतात, साचलेलं पाणी काढतात. डास त्यानेही गेले असतील की. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच रिलीजमध्ये चार बदल केले आणि श्रेय एकालाच दिलं.

तुळशीत काहीच नाही असं नाही बरं का. तिच्या तेलात युजेनॉल असतं, लवंगेत असतं तेच. प्रयोगशाळेत तुळशीचं तेल डासांच्या अळ्या मारतं. पण ते काढलेलं तेल. ग्रिलमधल्या रोपाचं तेल पानांवरच्या बारीक ग्रंथींत बंद असतं, पान चुरगळलं की सुटतं. म्हणूनच हात लावल्यावर वास येतो. नुसतं उभं रोप डासाला हाकलेल याचा भरवसा नाही.

आणि एडिसला लागतं काय? थोडंसं स्वच्छ, साचलेलं पाणी. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. शिवाय अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. त्यामुळे पाणी नुसतं ओतून भागत नाही, ताटली घासावी लागते. आम्ही तर ताटल्या काढूनच टाकल्या.

मग खालच्यांच्या कपड्यांचं काय? इथे आईशी बोलणी करावी लागली. रोजचं पाणी बंद कर म्हटलं असतं तर मलाच घराबाहेर काढलं असतं. शेवटी पावसाळ्यापुरतं तांब्याच्या जागी पळी आली. पूजा होते, गळत काही नाही. गंमत पुढेच आहे. आमची तुळस दर जुलैत पिवळी पडून मरायची आणि आई म्हणायची, नजर लागली. नजर कसली, मुळं ताटलीतल्या पाण्यात कुजत होती! त्या वर्षीपासून एकही रोप गेलेलं नाही.

तुम्ही लावणार असाल तर मोठं भोक असलेली कुंडी, लाल माती, शेणखत, थोडी वाळू, आणि निदान चार-पाच तास ऊन. मंजिऱ्या आल्या की खुडत राहा, मग पानं भरपूर येतात. एक-दोन मात्र वाळू द्या, बी धरायला. समोर टॉवर उभा राहून ऊनच गेलं असेल तर माझ्याकडेही उपाय नाही, सॉरी.

राहिला काढा. 2020 मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी यांचा सांगितलेला काढा आपण सगळ्यांनी प्यायलाय. आई हॉस्पिटलमध्येही थर्मास भरून घेऊन आली होती. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, पातळ जे जाईल ते हवंच आहे, पण त्यांना उलट्या होतायत, सुंठ-मिरी नको. आणि डेंग्यूच्या तापात मनाने ब्रुफेन किंवा अॅस्पिरिन द्यायचं नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. मग आईने नुसती चार पानं टाकलेलं कोमट पाणी आणलं. बाबांनी घोट घोट करून ते मात्र संपवलं. त्याने प्लेटलेट्स वाढल्या असं मी म्हणणार नाही. घशाला बरं वाटलं, एवढं ते स्वतः म्हणाले.

यंदा जुलैत मलेरियावाले पुन्हा आले, तोच माणूस. टॉर्च मारला, कुंड्यांखाली बोट फिरवून बघितलं, कोरडं. आईने त्याला तुळस घातलेला चहा दिला. जाताना त्याने वाळलेल्या दोन मंजिऱ्या मागून घेतल्या, कागदात गुंडाळून खिशात टाकल्या.